बोधचिन्हावर तारपा, समितीत मी एकटी

आदिवासीबहुल भागातल्या एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. त्या पावरा समाजाच्या आहेत. विद्यापीठाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त नवं बोधचिन्ह, नवे रंग, नवी कमान, बसपासून टी-शर्टपर्यंत सगळ्याची नवी सजावट ठरते आहे. शहरातल्या एका जाहिरात संस्थेने आराखडे तयार करून आणल्यावर या बाईंना समितीत घेण्यात आलं, ‘आदिवासी प्रतिनिधी’ म्हणून. मुख्य बोधचिन्हात तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेल्या वारली आकृती आहेत आणि मधोमध उघडं पुस्तक. क्रीडा संघांसाठी होळीतल्या बुध्याची छायाकृती आहे, मोरपिसांच्या उंच टोपासह.

बाईंना दोन्ही खटकलं. वारली चित्रं त्यांच्या समाजाची नाहीत, आणि बुध्या त्यांच्याकडे नवसाचं व्रत पाळणारा माणूस असतो. बैठकीत त्यांनी हे सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा एकाने विचारलं, ‘मग आदिवासी काहीच नको का?’ नंतर अध्यक्ष त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुमची सही आली की कुणी प्रश्न विचारणार नाही.’ घरी वडिलांना चित्र दाखवलं, तर ते हरखले: ‘त्या कमानीवर पहिल्यांदा आपलं काहीतरी लागतंय.’ बाईंचा परिविक्षा काळ (प्रोबेशन) अजून संपलेला नाही. त्या विचारतात: सही करून मोकळी होऊ, की समितीचा राजीनामा देऊ? की मीच उगाच ताणते आहे?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही ताणत नाही आहात. आराखडे तयार झाल्यावर तुम्हाला बोलावलं, हे तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, पण सगळी गोष्ट तिथेच आहे. आकृत्या ठरल्या, रंग ठरले, जाहिरात संस्थेशी करार झाला आणि सगळ्यांत शेवटी आदिवासी माणसाची आठवण झाली. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारावी तसं हे आहे. त्या क्षणी ‘नाही’ म्हणणारी व्यक्ती आपोआप विघ्नसंतोषी दिसते, कारण तिच्या ‘नाही’साठी वेळापत्रकात जागाच ठेवलेली नसते. बैठकीत तुम्ही अडखळलात त्याचं कारण तुमचा भित्रेपणा नाही. कुणीही तिथे अडखळलं असतं.

मात्र तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गृहीतकांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. पहिलं हे की तुमच्याकडे सगळ्या आदिवासींच्या वतीने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा अधिकार आहे. अध्यक्ष तसं समजून चालले आहेत आणि नकळत तुम्हीही ते ओझं उचललं आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ९.३५ टक्के. भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, कोलाम, कोरकू, पावरा, मावची. बोली वेगळ्या, देव वेगळे, घरं बांधायच्या तऱ्हा वेगळ्या. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेच्या सहीने पावरा समाजाचीसुद्धा संमती होत नाही, वारली समाजाची तर दूरच. हे तुम्हाला कमी लेखणं नाही. उलट यात तुमची सुटका आहे. जो अधिकार तुमच्याकडे नाही, तो तुम्ही कुणाला देऊ शकत नाही, आणि हे शांतपणे सांगायला कुणाशी भांडावं लागत नाही.

एकट्या माणसाच्या होकारावर विसंबलं की काय होतं, त्याचं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचं उदाहरण तुमच्या प्रकरणाला फार जवळचं आहे. तिथे १९२६पासून सामन्यांच्या मध्यंतरात एक विद्यार्थी ‘चीफ इलिनिवेक’ बनून मैदानावर नाचत असे. नाव इलिनॉय प्रदेशातल्या मूळनिवासी समूहांवरून घेतलेलं. अंगावरचा पोशाख आणि डोक्यावरचा पिसांचा मुकुट मात्र लकोटा पद्धतीचा, म्हणजे शेकडो मैल दूरच्या वेगळ्याच समाजाचा. त्या इलिनॉय समूहांचे आजचे वंशज म्हणजे पिओरिया जमात. तिच्या तेव्हाच्या प्रमुखाने १९९५मध्ये दूरचित्रवाणीवर या प्रतीकाला पाठिंबा दिला होता. पण २०००मध्ये त्याच जमातीच्या परिषदेने ठराव करून विद्यापीठाला हे थांबवायला सांगितलं. पुढे महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने अशा प्रतीकांवर निर्बंध आणले आणि २००७मध्ये तो नाच बंद झाला. मधल्या काळात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि मूळनिवासी कार्यकर्ते यांच्यात जी कटुता आली, ती नाच थांबल्यावरही लवकर निवळली नाही.

नाव एका समाजाचं, वेश दुसऱ्याचा, आणि मंजुरीला एका माणसाचा शब्द. तुमच्या समितीसमोरच्या चित्राशी हे ताडून पाहा. बैठकीत हे उदाहरण जरूर सांगा. लांबचं उदाहरण दिलं की समोरच्याला आपल्यावर बोट रोखल्यासारखं वाटत नाही, तो ऐकून घेतो.

आता वारली आकृतींकडे येते. तुम्ही लिहिता, ‘ती चित्रं आमची नाहीत, म्हणून ती इथे नकोत.’ यातल्या पहिल्या भागाशी मी सहमत आहे, दुसऱ्यावर थोडं थांबू या. ही चित्रं पालघर, ठाणे, नाशिक पट्ट्यातल्या वारली घरांतली. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची. लग्नातला चौक सवाशिणी लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि लग्नविधी करणारी धवलेरी गाणी म्हणते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर नेली, जगभर पोहोचवली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण कला अशी सगळीकडे पोहोचली तसा ‘आदिवासी’ म्हटलं की वारली आकृती, असा सरसकट वापर सुरू झाला. उड्डाणपुलाचे खांब, रेल्वे स्थानकं, कुर्ते, कपबशा, सरकारी कॅलेंडर, सगळीकडे तोच फेर. काढायला सोप्या दिसतात, छापायला एक रंग पुरतो, म्हणून जाहिरात संस्थांना त्या फार सोयीच्या. तुमच्या विद्यापीठाच्या आराखड्यातही बहुधा तेच झालं आहे. तुमच्या टेकड्यांवर कोण राहतं, हे कुणी विचारलंच नाही.

तरीही ‘आपली-परकी’ ही रेघ फार जाड ओढू नका. ‘एक तीर, एक कमान, आदिवासी एकसमान’ ही घोषणा तुम्हीही दिली असेल. त्या घोषणेत खरी एकी आहे. जमीन, जंगल, जातप्रमाणपत्रं, वसतिगृहं, यांसाठी वेगवेगळ्या जमाती त्याच नावाखाली एकत्र लढल्या. एखाद्या पावरा मुलाला वारली चित्र पाहून आपुलकी वाटली, तर त्याला ‘हे तुझं नाही’ असं सांगायचा अधिकार ना मला, ना तुम्हाला. पण ही आपुलकी आदिवासींनी एकमेकांना दिलेली आहे. जाहिरात संस्थेने ती परस्पर उचलायची नाही. वारली आकृती वापरायच्याच असतील तर वारली कलाकारांशी बोलून, त्यांच्याकडून काढून घेऊन, त्यांच्या नावासह वापरता येतात. आणि तुमच्या भागातल्या समाजांनीही ‘चालेल’ म्हणायला हवं. तुमच्या विद्यापीठात वारली विद्यार्थी असतील, तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा. त्यांना काय वाटतं हे अजून कुणी विचारलेलंच नसणार.

बुध्याच्या बाबतीत मात्र मला मधला मार्ग दिसत नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय की नवस बोललेला माणूस त्या दिवसांत खाट वर्ज्य करतो, नेम पाळतो, मगच टोप डोक्यावर चढवतो आणि कमरेला घुंगरू बांधतो. बाहेरून आलेला छायाचित्रकार त्याला ‘नर्तक’ समजतो. त्याची छायाकृती कबड्डीच्या जर्सीवर गेली की घामाने भिजणार, धुण्यात पडणार, हरलेल्या सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्यांच्या टिंगलीचा विषय होणार. ज्या गावांत आजही कुणी हे व्रत करतं, त्या गावातल्या मुलाने त्याच मैदानावर उभं राहून ते ऐकायचं का? हे चित्र नकोच, असं स्पष्ट म्हणा. इथे पर्याय सुचवायची जबाबदारीही तुमची नाही. क्रीडा संघाला चित्ता चालेल, घार चालेल, नुसतं अक्षर चालेल.

‘मग आदिवासी काहीच नको का?’ हा प्रश्न तुम्हाला सगळ्यांत जास्त टोचला, असं पत्रावरून वाटलं. विचारणाऱ्याने तो वैतागून विचारला असेल, तरी तुम्ही त्याला खरा प्रश्न मानून उत्तर द्या. कारण त्यामागे एक समजूत आहे, आणि ती तुमच्या मनातही शिरली आहे: चित्र असलं की आपण आहोत, चित्र नसलं की आपण पुसले गेलो. विद्यापीठाच्या माहितीपत्रकांचे मागचे काही अंक काढून बघा. आदिवासी विद्यार्थी त्यात कुठे दिसतात? माझा अंदाज आहे, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला आणि १५ नोव्हेंबरच्या बिरसा मुंडा जयंतीला, पारंपरिक वेशात, नाचताना. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेली पावरा मुलगी, ग्रंथालयात रात्री अभ्यास करणारा भिल्ल मुलगा, पीएच.डी.ची तोंडी परीक्षा देणारी कोकणा बाई ही छायाचित्रं आहेत का? ती माणसं तर विद्यापीठात आहेत. विद्यापीठाची दृश्य ओळख म्हणजे फक्त गोल शिक्का नसते. वसतिगृहाच्या पाट्या, संकेतस्थळाचं पहिलं पान, पदवीदानाचा मंच, ग्रंथालयाच्या दारावरची भाषा, हे सगळं मिळून ती बनते. बोधचिन्हात आदिवासी आकृती असावी की नसावी, यापेक्षा या बाकीच्या ठिकाणी आदिवासी माणूस कसा दिसतो, यावर मी अधिक जोर देईन. तिथे बदल करायला व्यवस्थापन परिषदेचा ठरावही लागत नाही, आणि तिथल्या बदलाने विद्यार्थ्याला रोज काहीतरी मिळतं.

तुमच्या वडिलांच्या आनंदाबद्दल तुम्ही जरा ओशाळून लिहिलं आहे, जणू त्यांना फसवलं जातंय आणि ते त्यांना कळत नाही. मला तसं वाटत नाही. ज्या दारातून आपल्या पिढीला आत जाता आलं नाही, त्या दारावर आपली खूण दिसावी, ही इच्छा खरी आहे आणि मोठी आहे. जाहिरात संस्थेने त्या इच्छेला हाताशी आलेलं एक तयार चित्र जोडून दिलं, इतकंच. तेव्हा वडिलांचा आनंद खोडून काढू नका. त्यांना विचारा: कमानीवर काय बघायला आवडेल? नदी, डोंगर, एखादं झाड, ढोल, चांदीचा दागिना, की आपल्या बोलीतलं एखादं वाक्य? हाच प्रश्न त्यांच्या वयाच्या आणखी काही जणांना विचारा, आणि तुमच्या वर्गातल्या मुलामुलींनाही. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. समितीसमोर ठेवायला तुमच्याकडे स्वतःच्या मतापलीकडचं काहीतरी असेल. शिवाय माझा असा अनुभव आहे की लोकांना ‘हे चालेल का?’ विचारलं की ते हो म्हणतात, आणि ‘काय असावं?’ विचारलं की बोलायला लागतात.

हे कसं करता येतं, त्यासाठी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा दाखला देते. १८६९ साली स्थापन झालेलं, युरोपीय धर्तीचं कुलचिन्ह मिरवणारं हे विद्यापीठ. त्यांनी नवं चिन्ह आणि नवं माओरी नाव ठरवताना त्या भूमीवरच्या काई ताहू जमातीला सोबत घेतलं. मार्च २०२३मध्ये प्रस्ताव विद्यार्थी, कर्मचारी, माजी विद्यार्थी यांच्यापुढे ठेवला, काही महिन्यांनी निर्णय घेतला आणि मे २०२४पासून तो अमलात आला. नव्या चिन्हात नाचणारी माणसं नाहीत की कोरीव मुखवटे नाहीत. त्याची प्रेरणा आहे ओटागोच्या बंदरातला पाण्याचा प्रवाह, जो त्या जमातीच्या स्मृतीत महत्त्वाचा आहे. इंग्रजी नाव तसंच राहिलं, जुनं कुलचिन्ह समारंभांसाठी राखलं. विरोध झालाच, खर्चावरूनही बोललं गेलं. तरी मला यातून घ्यावंसं वाटतं ते हे: त्यांनी माणसांची वेशभूषा उचलली नाही, जागेची आठवण घेतली, आणि ती आठवण ज्यांची होती त्यांच्याकडून घेतली. तुमच्या विद्यापीठाच्या आसपास नद्या आहेत, डोंगर आहेत, आणि प्रत्येकाला बोलीत नाव आहे, गोष्ट आहे. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका म्हणून तिथली कुठली झाडं कुणाला पूज्य आहेत आणि कुठली रोजच्या वापरातली, हे समितीत तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कायद्याचा आधार किती आहे, हेही तुम्हाला माहीत असावं, म्हणजे बैठकीत उगाच मोठा दावा केला जाणार नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. पण ते मुख्यतः त्या नावाने होणाऱ्या विक्रीला लगाम घालतं, वारली धर्तीची आकृती काढायला कुणाला सहज रोखत नाही. कॉपीराइट एका कलाकाराच्या एका कृतीला मिळतो, अख्ख्या समाजाच्या शैलीला नाही. पेसा कायद्याने, म्हणजे १९९६च्या कायद्याने, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार मान्य केला आहे. त्यातून विद्यापीठावर थेट बंधन येतं असं मी म्हणणार नाही, पण ‘विचारायचं कुणाला?’ या प्रश्नाला तो कायदा एक पत्ता देतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या मूळनिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यात, एकतिसाव्या कलमात, आपल्या नक्षी-आकृत्या आणि दृश्यकला जपण्याचा, त्यांच्यावर ताबा ठेवण्याचा हक्क नोंदवला आहे. भारताने त्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं होतं. तो बंधनकारक नाही, तरी विद्यापीठाने त्याच्याकडे पाठ फिरवणं शोभणार नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

कायदा जिथे खरोखर कामाला येतो ती जागा म्हणजे कलाकाराशी होणारा करार. तुमची समिती उद्या शहाणी होऊन स्थानिक आदिवासी कलाकाराकडून काम करून घ्यायला तयार झाली, तर हा भाग नीट वाचा, आणि असं काम करून घेणाऱ्या बाकीच्या वाचकांनीही वाचावा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखीच असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरतं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. हक्क विकल्यावरसुद्धा आपलं नाव सांगण्याचा आणि आपली प्रतिष्ठा बिघडेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा कलाकाराचा अधिकार शाबूत राहतो. विद्यापीठाला बोधचिन्ह कायमचं हवं असणार, म्हणजे त्यांना सविस्तर करार करावाच लागेल. मग त्याच करारात कलाकाराचं नाव कुठे छापायचं, कॉफीमग आणि टी-शर्टच्या विक्रीतला वाटा कुणाला, चित्राचे तुकडे करून किनारी-नक्षी म्हणून वापरायचं की नाही, आणि ते कुठे अजिबात वापरायचं नाही, हे सगळं लिहून घेता येतं. ‘मानधन आणि शाल-श्रीफळ’ यावर भागवू देऊ नका. जाहिरात संस्थेला जे दर दिले, ते समितीपुढे मांडा आणि कलाकाराचा मोबदला त्याच कागदावर, त्याच मापात ठरू द्या.

माझा स्वतःचा कल विचाराल तर असा आहे: मुख्य बोधचिन्ह साधं ठेवा, जागेशी जोडलेलं, कुठल्याही एका जमातीच्या विधीतली आकृती त्यात नको. बोधचिन्ह एकदा ठरलं की गुणपत्रिकेवर, नोटिशीवर, निलंबनाच्या पत्रावर, फी थकल्याच्या ताकिदीवर, सगळीकडे तेच छापलं जातं. लग्नचौकाच्या भिंतीवरून आलेल्या कलेला तिथे उभं करणं मला बरं वाटत नाही. आदिवासी कलेला विद्यापीठात भरपूर जागा द्या, पण कलाकृती म्हणून: सभागृहाची भिंत, ग्रंथालयाचा जिना, दरवर्षी वेगळ्या जमातीच्या कलाकाराने केलेलं पदवीदानाचं निमंत्रण, खाली त्याचं किंवा तिचं नाव आणि गाव. अशा कामात चूक झाली तर पुढच्या वर्षी सुधारता येते, आणि दरवर्षी नव्या कुणाला काम मिळतं. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे वेगवेगळ्या जमातींच्या कला आणि वस्तूंचं संग्रहालय आहे. समितीतल्या इतरांना एकदा तिथे न्या. वारलीपलीकडे काय काय आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर चर्चा बदलेल.

आता पुढच्या बैठकीचं. बोलायला जड जातं म्हणता, तर बोलू नका, लिहून न्या. एक छोटं टिपण पुरेल. साधारण असं: ‘मी या समितीत वैयक्तिक अभ्यासक म्हणून सहभागी आहे. माझी उपस्थिती किंवा सही ही कोणत्याही आदिवासी समाजाची संमती मानली जाऊ नये. वारली आकृतींच्या वापराबाबत वारली कलाकारांशी आणि परिसरातील समाजांच्या ज्येष्ठांशी व विद्यार्थ्यांशी चर्चा झाल्याशिवाय बोधचिन्ह अंतिम करू नये, अशी माझी सूचना आहे. बुध्याच्या प्रतिमेचा क्रीडाचिन्ह म्हणून वापर करण्यास माझी हरकत आहे.’ हे बैठकीच्या आधी ईमेलने सगळ्या सदस्यांना पाठवा आणि इतिवृत्तात जोडण्याची विनंती करा. भाषा अशीच कोरडी राहू द्या. राग आला असला तरी तो या कागदावर नको, कारण हा कागद तुमच्या नंतरही फाईलमध्ये राहणार आहे.

परिविक्षा काळाची तुमची धास्ती मी हलक्यात घेत नाही. नोकरी गमावून मिळवण्यासारखं यात काही नाही, आणि तसं करा असं मी कुणालाच सांगणार नाही. म्हणून एकटीने पुढे होऊ नका. त्या समितीत किंवा विभागात एक तरी बिगर-आदिवासी सहकारी असा असेल ज्याला हे पटतं. ‘चर्चेसाठी वेळ वाढवून घ्यावा’ हा ठराव त्याला मांडू द्या. त्याला त्याची किंमत मोजावी लागणार नाही, तुम्हाला कदाचित लागेल, म्हणून हे काम त्याचं आहे आणि तसं त्याला मोकळेपणाने सांगा. विद्यापीठाच्या अधिसभेतल्या (सिनेट) एखाद्या सदस्याला टिपणाची प्रत देता आली तर तीही द्या. अध्यक्षांना भेटाल तेव्हा त्यांच्या हेतूवर शंका घेऊ नका. रौप्यमहोत्सवाच्या वर्षात वर्तमानपत्रात ‘वारली कलाकारांचा आक्षेप’ अशी बातमी त्यांनाही नको आहे, आणि सहा महिने उशीर त्या मानाने स्वस्त आहे, हे त्यांना समजेल.

सही आणि राजीनामा, या दोन्हींची घाई नको. राजीनामा दिलात तर त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवतील आणि कदाचित तो पहिल्याच दिवशी सही करेल. हजेरीपटावर सही करा, मंजुरीच्या कागदावर करू नका. बहुमताने आराखडा पुढे गेलाच तर आपली असहमती नोंदवा आणि समितीत राहा, कारण पुढे किनारी-नक्षी, टी-शर्ट, माहितीपत्रक असं बरंच ठरायचं असतं आणि तिथे अजून बरंच वाचवता येतं. फक्त एक गोष्ट घडली तर मात्र थांबू नका. विद्यापीठाने प्रसिद्धिपत्रकात किंवा उद्घाटनाच्या भाषणात ‘आदिवासी समाजाच्या संमतीने’ असं म्हणून त्यापुढे तुमचं नाव जोडलं, तर त्याच दिवशी लेखी राजीनामा द्या, त्यात कारण लिहा आणि सोबत टिपणाची प्रत जोडा.

तुमची,
सदरलेखिका